साक्ष दिल्यानंतरचे दिवस

८ फेब्रुवारी, रविवार

उठून बोलले मी! चर्चमध्ये साक्षीच्या वेळी, देवाने काय केलं ते सांगायच्या वेळी, इतकी वर्षं तोंड न उघडणारी मी, आज उभी राहिले आणि म्हणाले — देवाने माझ्या नवऱ्याला पूर्ण बरं केलंय. खरं तर एवढंच सांगायचं होतं की वर्षभरात फिट आली नाही, देवाचे आभार. पण गाणं नुकतंच संपलेलं, सगळ्यांचे हात वर, माझा ऊर भरून आलेला. 'पूर्ण बरं' हे शब्द तोंडातून कसे निघाले, मलाच कळलं नाही.

टाळ्या पडल्या. पास्टरांनी ह्यांना पुढे बोलावलं आणि सगळ्या मंडळीसमोर विचारलं, अजून औषध घेता का? ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आता नाही."

घरी आल्यावर ह्यांनी गोळ्यांची पाकिटं माझ्यासमोर कचऱ्यात टाकली. रात्रीची एकच गोळी, पण ती कधी चुकवली नव्हती. अडवायला हवं होतं. कोणत्या तोंडाने अडवणार? सासूबाई म्हणाल्या, देवाने बरं केलं असेल तर आनंदच आहे, फक्त पोराने एकदा डॉक्टरच्या कानावर घालायला हवं होतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

रात्र नीट गेली. देवाची स्तुती असो.

११ फेब्रुवारी, बुधवार

हे लाकडाच्या वखारीत करवतीच्या मशीनवर असतात. फळी पुढे सरकवायची आणि हात पात्याच्या अलीकडे थांबवायचा, दिवसभर हेच काम. आज लाँड्रीत चादरींना इस्त्री करताना सारखं तेच डोळ्यांसमोर येत होतं — हे मशीनवर वाकलेत आणि मान एकीकडे वळायला लागलीय. मागची फिट आली तेव्हा जेवायला बसले होते. समोर ताट होतं म्हणून निभावलं.

सुटल्यावर औषधवाल्याकडे गेले. डॉक्टरांची जुनी चिठ्ठी पर्समध्ये होतीच. ह्यांना झोपताना दूध लागतं. चमच्याच्या पाठीने गोळी बारीक केली, दुधात साखर जास्त घातली. तोंड वाकडं केलं ह्यांनी, पण सगळं प्यायले.

देवावर माझा विश्वास आहे. करवतीवर नाही. हे लिहून झाल्यावर कळलं की मग पहिलं वाक्यही खरं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

उपासना सुटल्यावर ह्यांच्याभोवती माणसं जमली. एकीने ह्यांचा हात धरून स्वतःच्या आजारी आईच्या डोक्यावर ठेवला — बरे झालेल्या माणसाचा हात! ह्यांचा चेहरा कसनुसा झाला. मला वाटलं, नम्रपणा.

आज प्रभुभोजन होतं. भाकर आली, प्याला आला; मनात खोट ठेवून ते घ्यायचं नसतं, म्हणून मी दोन्ही न घेता पुढे दिले. शेजारणीने भुवया उंचावल्या. तिला सांगितलं, पोट बिघडलंय. देवाच्या घरात बसून थाप मारली, तीही पोटाची.

पास्टर म्हणाले, देवाला अर्धं मन नको असतं. अर्धं मन घेऊन येणारा माणूस स्वतःलाही फसवतो आणि देवालाही फसवायला बघतो. माझ्याकडे बघूनच बोलले, असं वाटलं. खरं तर ते दाराशी रडणाऱ्या कुणाच्या तरी बाळाकडे बघत होते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ह्यांचा तोल जातोय. काल पायरीवर अडखळले, आज दारात. म्हणतात, बूट सैल झालेत. बोलताना जीभही जड वाटते. झोप झालीय तरी डोळे पेंगुळलेले.

माझ्यामुळे आहे का हे? मी देवाच्या आड येतेय म्हणून?

२१ फेब्रुवारी, शनिवार

पेला धरताना हात थरथरला आणि दूध सांडलं. दुसरं करून दिलं. गोळीसकट.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

वखारीत पडले. मशीन नुकतंच बंद केलेलं होतं, म्हणून वाचले. मालक स्वतः घरी सोडायला आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, फिट नव्हती वहिनी, पण दारू प्यायल्यासारखे चालतात, बरं वाटेपर्यंत पाठवू नका. आयुष्यात थेंबाला न शिवलेला माणूस!

सासूबाई हट्टाला पेटल्या — आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. हे ऐकेनात. डॉक्टर पहिलं विचारणार गोळी घेता का, मग काय सांगू, म्हणाले. आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मीही जोर लावला नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं असतं तर गोळी दिसली असती आणि माझं बिंग फुटलं असतं. स्वतःचं बिंग फुटू नये म्हणून मी नवऱ्याला दवाखान्यात नेलं नाही. लिहून ठेवते, म्हणजे उद्या स्वतःला दुसरं काही सांगता येणार नाही.

१ मार्च, रविवार

उपासनेला गेलो नाही. ह्यांना चालवत नाही. पास्टरच घरी आले. बिछान्याशेजारी जमिनीवर गुडघे टेकून बसले आणि खरोखर रडले. वाईट माणूस असता तर सोपं गेलं असतं.

निघताना दाराशी थांबले. हळूच विचारलं, "ताई, घरात काही अडथळा आहे का? देव करतोय आणि आपण मध्ये हात घालतोय, असं काही?"

नाही म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी अजून सुकलं नव्हतं आणि मी त्या डोळ्यांत बघून नाही म्हणाले.

३ मार्च, मंगळवार

प्रार्थना जमत नाही. गुडघे टेकते, 'हे बापा' म्हणते, आणि पुढे सगळं कोरडं. म्हणून इथे लिहिते. वहीला निदान काही मागायचं नसतं.

सकाळी सासूबाईंनी ह्यांना धरून बाथरूमपर्यंत नेलं. सत्तरीच्या आईने पन्नाशीच्या मुलाला. भिंत धरत, पाय फाकवत. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते, जवळ जायचं धाडस होईना. ह्यांना घास भरवावा लागतो. नजर एका जागी ठरत नाही. आणि मी रोज, न चुकता, तोच पेला घेऊन जाते.

ज्या तोंडाने म्हणाले की तू बरं केलंस, तेच तोंड घेऊन घरी आले आणि गोळी कुटली. देवाने हात काढून घेतला असेल तर दोष कुणाचा? लाँड्रीतल्या मशीनलासुद्धा एक बटण चालू आणि एक बंद चालत नाही.

पण रागही येतो. फार येतो. एवढीशी गोळी! त्यासाठी माणसाचे पाय काढून घ्यायचे? शिक्षा द्यायची तर मला दे ना, ह्यांनी काय केलंय? भीतीपोटी केलं मी, लबाडीने नाही. बायकोला भीती वाटू नये असा कसा देव? — हे लिहिलं आणि अंगावर काटा आला. पण खोडत नाही.

तिसरा रस्ता उरलेला नाही. एक तर पूर्ण सोपवायचं, नाहीतर उठून सगळ्यांना सांगायचं की मी खोटं बोलले. सांगायची हिंमत नाही. म्हणजे सोपवायचंच. हा विश्वास आहे की भित्रेपणा, मला आता कळत नाही.

४ मार्च, बुधवार

उरलेल्या सगळ्या गोळ्या संडासात टाकल्या. वर पाणी सोडलं. दोन खाली पडल्या, त्या वेचून टाकल्या.

दूध साधं दिलं. हे म्हणाले, आज बरं लागतंय.

५ मार्च, गुरुवार

पहाटेपासून ह्यांच्या श्वासाकडे कान. मान वळतेय का, दात आवळतायत का. कामावर गेले नाही. आता माझ्या हातात काही नाही. काही म्हणजे काहीच नाही. न्यायचं असेल तर आधी मला ने.

९ मार्च, सोमवार

आज भिंत न धरता दारापर्यंत गेले!! सासूबाई मागे हात पसरून चालत होत्या, तर म्हणाले, आई, मी काय रांगतोय का? स्पष्ट म्हणाले. एकही अक्षर न चुकता.

१२ मार्च, गुरुवार

कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. हाताने जेवतात. मीठ कमी पडलं म्हणून सासूबाईंशी भांडलेसुद्धा, आणि त्या भांडण अर्धवट सोडून डोळे पुसायला आत गेल्या.

लाँड्रीत गरम चादरीत तोंड खुपसून रडले मी. प्रार्थना आली, आपोआप, न मागता. अर्धं मन दिलं तेव्हा माणूस जमिनीला लागला होता. पूर्ण दिलं तर आठ दिवसांत उभा राहिला. आता मला कुणी काही शिकवू नये.

१४ मार्च, शनिवार

उद्या वर्षाची मोठी उपासना, बाहेरगावच्या मंडळ्याही येणार. पास्टरांनी विचारलं, साक्ष द्याल? मी एका पायावर तयार! या वेळी सगळं सांगणार — दूध, गोळी, माझं अर्धं मन, आणि गोळ्या टाकून दिल्यावर काय झालं ते. ह्यांनाही तिथेच कळू दे. आत्ता ह्यांना फक्त एवढंच म्हणाले की उद्या पुन्हा साक्ष देतेय. हे उठून अवजारांची पिशवी आत ठेवायला गेले.

दुपारी मंडळीतल्या म्हाताऱ्या मावशी भेटल्या. साखरेच्या आजाराचं इंजेक्शन रोज घेतात. म्हणाल्या, मीही सोडून देवावर टाकावं का गं? तुझ्या नवऱ्याकडे बघून मनात येतं. मी त्यांचा हात धरून म्हणाले, उद्या माझी साक्ष ऐका, मग तुम्हीच ठरवाल.

१५ मार्च, रविवार

शर्टाची बटणं लावता लावता हे म्हणाले, "बोलायच्या आधी ऐक. मी गोळी एक दिवसही सोडलेली नाही. तीच पुन्हा विकत आणली, अवजारांच्या पिशवीत ठेवली. तू सगळ्यांसमोर बोलून बसली होतीस. तुला खोटं पाडवेना."

एक त्यांची. एक माझी. माझ्या दुधाने पडत होते ते.

मी खाली बसले आणि सांगितलं. ह्यांनी राहिलेलं शेवटचं बटण लावलं. मग म्हणाले, "तरीच कडू लागायचं."

मावशी पुढच्या रांगेत बसून माझी वाट बघत असतील. निघतोय आम्ही. मी उठून बोलणार आहे, आणि आज टाळ्या पडणार नाहीत.