फेथफुल कुणाला लागतो

२ जानेवारी १९७३, भिंगार
शके, पुढं ही वही वाचणारी तूच. काल पिठात मीठ विसरलीस तशी हेही विसरशील, म्हणून मी सांगते तसं लिही. मी 'हाय' म्हणते तिथं तू 'आहे' लिहितेस, कळतं मला. असू दे. नात शिकली की आजीची भाषा थोडी धुऊन निघायचीच.

आज नळावर मार्थाबाई आली. शेजारीण, मिशनच्या दवाखान्यात जन्मभर आया होती. तिथली गोरी डॉक्टरीणबाई मायदेशी गेली. जाताना सगळ्यांदेखत हिचा हात धरून म्हणाली, "मार्था, यू आर फेथफुल." घागर भरेपर्यंत बाई तेच सांगत होती. मी म्हणाले, "अगं, आमची शकू रोज घोकती की, डॉग इज फेथफुल. कुत्रं म्हणाली तुला ती." बायका हसल्या. सगळ्यात मोठ्यांदा मी. मार्थाबाईपण हसली.

५ जाने.
मा.बाई नळावर नाही. बायका पांगल्या की उन्हाची येते म्हणे. समोरची कुसुम म्हणाली, "आज फेथफुल दिसंना कुठं." परत हशा. मी हसले नाही. पण गप बस, असंही म्हणाले नाही.

७ जाने.
बोळातली पोरं तिला बघून ओरडतात, "फेथफुल, यू यू." माझ्याच तोंडचा शब्द.
तिच्या आईबापासारख्यांना गावात कुणी नावानं हाक मारत नव्हतं. जातीवरून काय म्हणून हाक मारायचे ते मी लहानपणी माहेरी, काष्टीला ऐकलंय, आमच्याच ओसरीवरून. त्यात आता मी... राहू दे, एवढंच लिही.

९ जाने.
तुला म्हणाले, तुझ्या मास्तरांना धड विचारून ये. आलीस विचारून. ते विशेषण आहे. देवावर ज्याची निष्ठा त्याला लागतं. नवऱ्याशी, दोस्ताशी, कामाशी इमान राखणाऱ्याला लागतं. आणि कुत्र्यालाही.
"एवढ्या सगळ्यांना मिळून एकच? साहेबाच्या घरीपण दुष्काळ हाय का?"
तू म्हणालीस, "कुणाला लावलाय त्यावर अर्थ ठरतो, आजी."
म्हणजे डॉक्टरीणबाईनं बाईला लावला, मी तो काढून कुत्र्याला लावला. मग मला कुठलं विशेषण लागतं, विचारलं तर तू पेन्सिलीला टोक करत बसलीस. तेपण लिही.

१२ जाने.
मार्थाबाईच्या दारात गेले. ती जोंधळे निवडत होती. मी सगळं पाठ करून गेलेले. देव, निष्ठा, इमान, सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "आक्का, मला ठाव हुता अर्थ. आमच्या चर्चच्या पाळकांनी तवाच सांगितलावता."
"मग हसलीस कशाला?"
"तुमी समद्या हसत हुता. मी एकलीच कशी उभी ऱ्हाऊ तितं?"
मी शब्दाचा अर्थ घेऊन गेले होते. तिला माझ्या हसण्याचा पाहिजे होता. तो कुठल्या मास्तरांना विचारू?
"पोरास्नी दटावते मी," म्हणाले.
"पोरं काय, इसरत्यात."
उठताना मी विचारलं, उद्या नळावर येतीस का? म्हणाली, "बघू."

१४ जाने. संक्रांत
काल पोरांना काठी दाखवली. नळावर कुसुमला सांगितलं, तो शब्द परत काढायचा नाही, चूक माझी होती. ती म्हणाली, "गंमत तर केली मावशी, एवढं काय त्यात?" गंमत माझीच होती, बाई. म्हणून तर.
मा.बाई कालही आली नाही, आजही नाही.
तू तिळगुळाची वाटी घेऊन निघाली होतीस, मी माघारी बोलावलं. गोड बोल म्हणून तिला काय सांगायचं? कडू कोण बोललं? ती वाटी इथं माझ्यापुढं ठेव. तिला हुलग्याचे शेंगोळे दे, लसूण सढळ घालून. उंबऱ्यावर ठेवून पळून येऊ नकोस, तिच्या हातात दे. आणि रस्सा जास्त घाल, सुकं तिला गिळवत नाही.