माळावर नसलेली फुलं

सोमवार
खोली झकास मिळाली. खिडकीखाली रानफुलांचा माळ, पिवळा नि जांभळा, थेट कुंपणापर्यंत. त्याचंच चित्र एका बड्या दिवाणखान्यासाठी काढायचं आहे. पहिलंच मोठं काम, त्यामुळे मी हवेत आहे. धाकटी बहीण सोबतीला आली आहे. आई गेल्यापासून तिला मी आणि मला ती. घरमालकीण जुनी नर्स, फटकळ. माळावर जे नाही ते काढू नकोस, असं बजावून गेली. मनात म्हटलं, बाई, तुम्ही इंजेक्शनं द्या, रंगांचं मी बघते.

मंगळवार
जवळून चित्र म्हणजे नुसते फटकारे. चार पावलं मागं गेलं की माळ डुलायला लागतो. धाकटीच्या मते जवळून ते फरशी पुसायचं फडकं दिसतं. डावा कोपरा मेल्यासारखा पडला होता, तिथे तीन लाल फुलं ठेवून दिली. माळावर लाल फूल औषधालाही नाही, पण चित्राला हवंच होतं.

बुधवार
मालकिणीची शेळी फाडलेली सापडली. तीन तुकडे, माळाच्या बरोबर त्याच डाव्या कोपऱ्यात. लांडगा असेल म्हणे. मालकीण माझ्याकडे बघत राहिली. बातमी कळायच्या आधीच मी चित्रातल्या पायवाटेवर चौथं लाल फूल टेकवलं होतं.

गुरुवार
दूधवाला. पायवाटेवर. मी खिडकीतून पाहिलं. सायकलवरून उतरला, आसपास कुणी नव्हतं, आणि त्याचा गळा या कानापासून त्या कानापर्यंत उघडला. चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं. धाकटीला सांगितलं, हात लावू नकोस. का, ते सांगितलं नाही. मला वेडी म्हणाली असती.

शुक्रवार
तिने हात लावला. मला बरं वाटावं म्हणून. चित्रातल्या माळाच्या मधोमध स्वतःला काढलं, पिवळ्या फ्रॉकमध्ये, गालाशी लाल फूल. "ताई, मलाही जमतं. थांब, तशीच उभी राहून दाखवते," म्हणत जिना उतरून पळाली.
हाका मारल्या. ऐकेना. मग सुरी घेऊन ते फूल खरवडलं. रंग ओला होता. ओल्यावर सुरी ओढली की शेजारचंही निघतं, हे मला कळायला हवं होतं— चित्रातला तिचा चेहरा गेला.
खाली—

नंतर
जिना चढून आली. चेहऱ्याच्या जागी नुसतं लाल मांस. ब्रश माझ्या हातात दिला. तिची छाती हलायची थांबत होती— चित्रात नाक आधी काढलं. श्वास सुरू झाला.
समोर बसली आहे. नाकाचा रंग वाळेपर्यंत हे लिहिते. आता आधी डोळे काढले, तर भिंतीवरच्या आरशात ती स्वतःला बघेल. आधी तोंड काढलं, तर ती किंचाळेल, माझा हात हलेल आणि—