शनीपलीकडची जागा अखेर माझी

ती. आत्या,

तुझ्या भाचीचा वाकून (पण या खेपेला मान ताठ ठेवून) नमस्कार. गुडघा काय म्हणतोय? जिने चढू नकोस. इकडे सगळे मजेत, सासूबाई सोडून; ते मागाहून सांगते.

आत्या, मी जिंकले! आमच्या तारांगणात ग्रह छताला टांगलेत, ते तू पाहिलेसच. (गुरूकडे बघून "याला पुसतं कोण गं?" विचारलं होतंस.) शनी आणि युरेनसमधल्या रिकाम्या जागेवर साहेबांना थंड पेयांचं यंत्र ठेवायचं होतं. म्हणे, तिथे आहे काय? मी म्हटलं, सेंटॉर आहेत! थोरल्या ग्रहांच्या मधे भटकणारे बर्फाळ गोळे, थोडे लघुग्रहासारखे, थोडे धूमकेतूसारखे; म्हणून त्यांना त्या अर्ध्या माणसाचं, अर्ध्या घोड्याचं नाव. साहेब हसले. म्हणाले, रविवारी टांगा, लोक थांबले तर जागा तुमची, नाहीतर यंत्र येतंय.

मग काय, मी हट्टाला पेटले. पाणी, वाळू, कोळशाची पूड आणि गेरू कालवून सासूबाईंच्या गोल बुडाच्या डब्यात घरच्या फ्रीजरमध्ये तांबूस गोळा गोठवला आणि रविवारी डब्यातून काढून जाळीच्या पिशवीत घालून टांगला. साहेब खाली उभे राहून भाषण करत होते, आणि सूर्याच्या दिव्याची ऊब लागून तो ठिबकायला लागला की त्यांच्या पांढऱ्या शर्टावर! पण माझ्या जिभेला हाड नाही हे तू लहानपणापासून सांगतेसच. मी ओरडले, "बघा बघा, ऊब लागली की यातले काही अस्सेच वाफा सोडतात!" पुढच्या बाईंनी विचारलं, हा वास कसला? "सेंद्रिय द्रव्यं! तांबूस रंग त्यांचाच!" टाळ्यांचा कडकडाट! साहेबांचा शर्ट बघायलाही रांग लागली. यंत्र गेलं जिन्याखाली. "ही पोरगी धड इकडची ना धड तिकडची" म्हणायचीस ना? तसल्यांनाच आम्ही मानानं टांगलंय.

तुझीच,
विजयी भाची

ता. क. संध्याकाळी सासरे पहिल्याच घोटाला म्हणाले, आज सूप कचकच का लागतंय? तेव्हा उलगडा झाला. टांगलं होतं ते सासूबाईंनी दुसऱ्या तसल्याच डब्यात गोठवलेलं टोमॅटोचं सूप. चुलीवर चढला तो माझा सेंटॉर.

दुसरा ता. क. साहेबांना आता दर रविवारी हुबेहूब तस्साच गोळा हवाय, आणि सासूबाईंनी माझ्याशी अबोला धरलाय. त्या तुझ्या शाळासोबती, तुझा शब्द मोडणार नाहीत. तेवढी रदबदली कर, नाहीतर यंत्र जिन्याखालून परत येईल. आणि लसूण पहिल्याइतकाच घाला म्हणावं, विज्ञानात प्रमाण बदललेलं चालत नाही.