सं. म्हणजे संपूर्ण

१५ जून १९९८
नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये दर जूनला मी आणि उज्ज्वला एका बाकावर बसून पुस्तकांना ब्राऊन पेपर घालायचो. ती डिंकाची बोटं चाटायची, सिस्टर ओरडायच्या. आज कॉलेजच्या तळमजल्यावर जुन्या पोथ्यांचे लाल गठ्ठे सोडताना तो सगळा वर्ग आठवला. रिटायर होण्याआधी यांची सूची करणार. दिवाळीपर्यंत सहज. दुपारची डुलकी आजपासून बंद.
प्रिन्सिपल देसाईसाहेब म्हणाले, इसवी सन सोळाशेच्या आधीच्या तेवढ्या वरच्या मजल्यावर, स्टीलच्या कपाटात. बाकीच्या आहेत तिथेच.

२ जुलै
युक्ती सापडली. शेवटच्या पानावर ‘सं. १५४५’. सं. म्हणजे संपूर्ण. पुढचा आकडा शकाचा. अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन सोळाशे तेवीस. सोपं.
गुजराती शिकवणाऱ्या जशुबेन म्हणाल्या, अहो बेन, आमच्याकडे संवत चालतं ने? मी म्हटलं, तुमचं नवं वर्ष दिवाळीला, आमचं पाडव्याला. त्या हसल्या. मीही.
डुलकी लागली, पण बसल्या बसल्या. ती धरत नाही.

२० ऑगस्ट
सूची पूर्ण! दिवाळीच्या कितीतरी आधी. सोळाशेच्या आतली एकही पोथी नाही. साहेबांचं तोंड उतरलं. एखादी तरी बघा ना, म्हणाले. मी म्हटलं, वय फुगवणं माझ्या शिस्तीत बसत नाही. कपाटात क्रिकेटचे कप ठेवले.

१६ सप्टेंबर
तापीवरच्या उकाई धरणातून पाणी सोडलंय. धुडकू शिपाई म्हणाला, बाई, पानी यी राह्यनं, गठ्ठे वर लई जाऊत का? कपाटात जागा नाही. शिवाय नंबरांचा क्रम बिघडेल. तापी कॉलेजात शिरत नाही, असं त्याला सांगितलं.

२१ सप्टेंबर
शिरली.
पोथ्यांचा लगदा झालाय. जशुबेननी एक पान पंख्याखाली धरलं. तेवढंच वाचता येत होतं: ‘संवत् १५३१ वर्षे’. पूर्ण शब्द. या पोथीचा मी आकडाच पाहिला होता.
चिखलामुळे तसं दिसतंय, मी म्हटलं. घरी येऊन संवताचे सत्तावन्न वजा केले. चौदाशे चौऱ्याहत्तर. पुन्हा केले. तेच.

२५ सप्टेंबर
उद्यापासून जाणार नाही. कपाटाची किल्ली देसाईसाहेबांना. कप कोरडे आहेत. टेबलफॅन धुडकूला, त्याच्या उधना भागातल्या खोलीत वारा येत नाही. भिंग जशुबेनना. सूचीही त्यांनाच; पोथ्यांचं आता तेवढंच उरलंय. प्रत्येक सालातून एकशे पस्तीस वजा करावेत: मिळवलेले अठ्ठ्याहत्तर आणि वजा करायचे राहिलेले सत्तावन्न.
बाकी सगळं बरोबर आहे.