आठ दिवसांचा आठवडा

शुक्रवार, ५ जुलै १९७४

चि. रुश्दीस ताईचा सलाम व अनेक आशीर्वाद.

बांधावरून घसरले नि पाय मोडला. चाळीस दिवस प्लास्टर! वांगी अशी लगडलीत की बेथलेहेमच्या बाजारात बायका माझी टोपली शोधत येतात, आणि मी खाटेवर.

आज आपली पाण्याची पाळी होती. शेजारच्या हसीबने अब्बांची काठी टाकीत उतरवून आपला वाटा मोजून घेतला. पंच म्हणाले, यापुढच्या दोन पाळ्या परका माणूस चालेल. तिसरीला घरचाच हवा, नाहीतर पाणी चुलतभाऊ मुनीरला. तो रोज तब्येत विचारायला येतो, पण नजर वांग्यांवर. घरचं माणूस म्हणजे तूच. तिसऱ्या पाळीला ये.

तुझी ताई,
नझमिया

अम्मान, १५ जुलै

ती. ताईस सलाम वि. वि.

सरहद्दीच्या पुलावरून यायचा परवाना मिळाला. शुक्रवारची सुट्टी, शनिवारची रजा. तीन आठवडे म्हणजे २६ तारीख, शुक्रवारच. कचेरीतल्या कॅलेंडरवर खूण केली आहे. मुनीरला म्हणावं, रुश्दी त्याच पाण्यावर वाढलाय. भात भरलेली वांगी करून ठेव, इथल्या वांग्यांना चव नाही.

तुझा,
रुश्दी

मंगळवार, ३० जुलै

चि. रुश्दीस आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. आधी मिळतं तर शुक्रवारी इस्त्रीचा सदरा घालून, काठी घेऊन टाकीवर दुसऱ्याच्या पाळीला उभा राहिला नसतास. सगळा गाव हसला. मलाही हसू आलं, मग रडू आलं.

अरे, झऱ्यावर आठ घरांचा हक्क, म्हणून गावचा आठवडा आठ दिवसांचा. पाळी दर खेपेला एक वार पुढे सरकते. शुक्रवार, शनिवार, रविवार, मग सोमवार. शेंबडं पोरही सांगेल! चुकलास, त्याचा राग नाही. सोमवारपर्यंत थांब म्हणून हातापाया पडले, तर म्हणालास, साहेब रागावतील. याचा राग आहे.

काल मला खाटेसकट टाकीवर नेलं. पंच म्हणाले, काठी घेऊन घरच्याने पाण्यात उतरायला हवं. प्लास्टर घेऊन कशी उतरू? मुनीर उतरला.

टोपलीत शेवटची वांगी आहेत, पोरांना भरून घाल. सोबत अब्बांची काठी पाठवते. इथे तिला बुडायला आता पाणी नाही.

लोभ आटू देऊ नकोस.

नझमिया