हलक्या धनुष्याचा बाण

सेलू,
ता. ११ जानेवारी २०२४

ती. सिद्धोधनदादास,
धम्मशीलाचा सविनय जयभीम. वि. वि.

इकडे सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं तर तू आत गेल्यापासून कुणाला अन्न गोड लागत नाही. भेटीला आलं की आईला तू हसून दाखवतोस आणि ती घरी येऊन रडत बसते. मला तर भेटीला येऊच नको म्हणालास, म्हणून हे पत्र.

काल वकीलबाई राजेश्रीताईंना भेटले. त्यांनी हात टेकलेत. हरभऱ्यात मेलेल्या रोहीच्या, म्हणजे त्या नीलगाईच्या, अंगातला बाण माझाच, असं तू आपणहून वनरक्षकाला सांगून बसलास, मग मी लढू कशावर, म्हणाल्या. शिक्षा झाली तर पिंगळीच्या शाळेत पोरींना धनुष्यबाण शिकवायची तुझी नोकरी गेली म्हणून समज.

त्यांनी बाणाचा फोटो दाखवला. बारीक काडी, लांब जड टोक, मागं लाल दोरा. दादा, हा तर तू माझ्या कॉलेजच्या धनुष्यासाठी केलेल्या बाणांतला. लग्न झाल्यावर ते धनुष्य आणि बाण मी माहेरी पोखर्णीलाच ठेवून आले होते. तुझ्या दांडग्या धनुष्यावर माझा बाण तू कशाला चढवशील? वकीलबाईंना काय सांगू ते कळव.

माया आहेच, उत्तराला मात्र उशीर करू नको.

तुझी,
धम्मशीला


परभणी,
ता. १७ जानेवारी २०२४

चि. सौ. धम्मशीलास,
सिद्धोधनचा जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. मी बरा आहे. इथलं वरण इतकं पातळ असतं, की रोज तुझ्या हातच्या वरणाची आठवण येते. एका खोलीत आम्ही इतके जण आहोत, की कूस बदलायची तर शेजाऱ्याला आधी सांगावं लागतं. संध्याकाळी दार लागलं की सकाळपर्यंत पंख्याकडं बघत पडायचं. सवय होईल.

बाणाचं म्हणशील तर हाताला आला तो चढवला. बाण म्हणजे बाण, सगळे सारखेच. कुठल्याही धनुष्यातून जातात. तू त्यात डोकं घालू नको आणि वकीलबाईंचंही डोकं खाऊ नको. मी कबूल केलंय, विषय संपला.

इथले साहेब पत्रं उघडून वाचतात, तेव्हा घरचंच लिहीत जा. माझी पोरगी अर्पिता शाळेत जाते का, माझ्याविना तुझ्या मनिषावहिनीचं कसं चाललंय, बाबांचे गुडघे काय म्हणतात. बाबांना जप. त्यांना एकटं सोडू नका.

भावावर रुसू नको, इतकंच मागतो.

तुझा,
दादा


पोखर्णी,
ता. २४ जानेवारी २०२४

ती. दादास,
धम्मशीलाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग लय राग आला. बाण सगळे सारखेच, हे तू म्हणावंस? काडी लेचीपेची असेल तर दांडग्या दोरीचा धक्का तिला सोसत नाही, त्यात टोक जड असलं तर ती आणखीच वाकते, हे तू मला इतक्यांदा ऐकवलंस, की मी भाकरी थापताना पाठ म्हणायचे. टोक जरा जड वाटलं की कानस घेऊन घासत बसायचास आणि आई जेवायला हाका मारून थकायची. तो माणूस असं लिहितो म्हणजे काहीतरी लपवतोय, एवढं मला कळतं.

म्हणून माहेरी आले. मळ्यात पोत्यात भुसा भरून उभं केलं. तुझं धनुष्य ओढताना दंड भरून आले. त्यावरून माझा बारीक बाण सोडला, तर तो शेपूट हलवत उजवीकडं बाभळीत गेला. पुन्हा सोडला, पुन्हा बाभळीतच. माझाच हात चुकत असेल म्हणून तुझे जाड काडीचे बाण लावले, ते सरळ पोत्यात. मग माझं हलकं धनुष्य घेतलं आणि तोच बारीक बाण पोत्याच्या मधोमध बसला. रोहीला लागलेला बाण तुझ्या धनुष्यातून सुटलेलाच नाही, दादा.

आनंदानं वकीलबाईंना फोन लावायला निघाले आणि माझ्या धनुष्याच्या दोरीकडं नजर गेली. दोरी नवी आहे. तिला गाठ मारलीय ती आपल्या घरच्या बाजेला असते तसली. ती गाठ तुला येत नाही, मलाही येत नाही. फोन तसाच पिशवीत ठेवला. साहेब वाचतात म्हणून नाव लिहीत नाही. तुझं दांडगं धनुष्य या वयात ज्यांना ओढवत नाही, त्यांनी माझं घेतलं.

आता मी काय करू ते सांग. गप्प राहिले तर तुला आत ठेवणारी मी. बोलले तर त्यांना आत धाडणारी मी. तू एकटाच अडकलास असं समजू नको, मलाही तू कोंडून ठेवलंस.

रागावलेय, तरी तुझीच,
धम्मशीला


पोखर्णी,
ता. १ फेब्रुवारी २०२४

चि. सिद्धोधन यास,
भगवानरावाचा जयभीम आन लय आशीर्वाद.

हे पत्र मी बोलायलोय आन तुझी मनिषा लिवायलीय. मधीच हात थांबायलाय तिचा. तिला पण तू काई सांगितलं न्हवतं.

धम्मशीला मळ्यात बाण मारायली तवा मी धुऱ्यावर, बांधाला बसलो होतो. समदं बघितलं. त्या दिवशी पोरगी माझ्याजवळ जेवायला बसली न्हाई. माझ्याकडं बघितलं पण न्हाई.

रोही रोज हरभऱ्यात यायलती. हाकलायला म्हणून बाण सोडला, लागंल असं वाटलं न्हवतं. ती पडली आन माझ्याकडं बघत राहिली. मी तितंच बसून राहिलो. वनरक्षक आला तवा तू पुढं झालास आन मला आईची शपथ घालून गप केलंस. मी भ्यालो म्हणून गप बसलो, दुसरं काई न्हाई. तवापासून घरात मला कोणी काई म्हणत न्हाई. चहा देत्यात, अंगावर शाल टाकत्यात. पारावर गेलो की लोकं तुझ्या नावानं बोलत्यात आन मी मान हलवतो. आता पारावर जायचंच सोडलं. खोलीतून भाईर निघू वाटंना.

बापाला लेकरानं अशी शपथ घालू न्हाई. मी ती मोडली. वकीलबाईला समदं सांगितलंय. सोमवारी मी आन धम्मशीला ते हलकं धनुष्य घेऊन कोर्टात चाललो. पत्र तितले साहेब वाचत्यात म्हणं. वाचू द्या, त्यांच्यासाठी पण लिवलंय.

तुझ्या आईला काल सांगितलं. ती उठली आन पेटीतला माझा स्वेटर काढून उन्हात टाकला. तितं घरचं पांघरूण घेऊ देत्यात का, आन गुडघ्याच्या गोळ्या जवळ ठेवू देत्यात का, तेवढं सोमवारच्या आत कळव.

तुझा बाप,
भगवानराव