गाडीचं तोंड पुन्हा बदलू नये

मी, खाली सही करणारी, लेथवर कातकाम करून पोट भरलेली बाई, वय पासष्ट पूर्ण, हे मृत्युपत्र माझ्या वर्कशॉपच्या मागच्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. दुखणं छातीचं आहे, डोक्याचं नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी सांगितलं, रडलं किंवा रुसलं म्हणून यात मी एक शब्दही घातलेला नाही. दाखला मुद्दाम जोडला, कारण पुढे मी जे ऐकलं आणि पाहिलं तेही लिहिणार आहे. ते वाचून कोणी माझ्या शुद्धीवर शंका घेऊ नये.

कलम १. राहतं घर आणि त्यातलं सगळं सामान माझ्या एकुलत्या एका मुलीचं. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी बदलते, बदलते म्हणत माझी हयात गेली. ती तिने आधी बदलावी. बँकेत जे असेल तेही तिचंच. ते फार नाही, त्यामुळे त्यावरून भांडायला कोणी येणार नाही.

कलम २. लेथ मशीन आणि हत्यारं मुलीची. लेथ खरं तर मला शेजारच्या टपरीतल्या वेल्डरला द्यायचं होतं, पण साक्षीदाराला काही देऊ नये असं वकिलांनी सांगितलं. मग वेल्डरलाच विचारलं की साक्षीदार व्हायचं की लेथ घ्यायचं? तो म्हणाला, "काकू, माझ्या टपरीत मीच कसाबसा मावतो. सही करतो." मुलीने लेथ विकायचं ठरवलं तर चालवणाऱ्याला विकावं, भंगारवाल्याला नाही.

कलम ३. माझे धाकटे दीर. भावोजींनी ड्रिल मशीन दोन दिवसांसाठी म्हणून नेलं, ते आजतागायत त्यांच्याकडे आहे. ते त्यांना दिलं असं समजावं. यजमानांचं चामडी जॅकेट आणि हातमोजेही त्यांनी न्यावेत. मोटरसायकलवर मात्र त्यांचा कसलाही हक्क नाही. मी गाडीचं पुढचं अंग बदललं त्या आठवड्यात ते जेवायला आले होते. गाडीभोवती एक फेरी मारली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, दादाच्या गाडीचं मुंडकंच उडवलंत की." सगळे हसले. मीही हसले आणि वाढत राहिले. मुलगी हसली नाही. ते वाक्य तिच्या मनात जाऊन बसलं ते बसलंच. भावोजींना याची कल्पना नसेल, म्हणून इथे लिहून ठेवते.

कलम ४. मोटरसायकल. ही यजमानांची. ते टेकडीवरच्या पंपहाउसमध्ये फिटर होते आणि रोज याच गाडीने चढायचे-उतरायचे. तिच्या पुढच्या चाकाला जुना ड्रमब्रेक होता. कोरडा असला की किंचाळायचा, ओला झाला की धरायचा नाही. गल्लीच्या वळणावर ते ब्रेक दाबत, तो आवाज स्वयंपाकघरात पोचे आणि मी बाहेरचा दिवा लावी. डिस्कब्रेक बसवू या, असं मी कितीदा म्हटलं. ते म्हणत, "ब्रेक गाडीत नसतो, डोक्यात असतो."

एका पावसाळी संध्याकाळी उताराच्या पायथ्याशी एक टँकर रिव्हर्स घेत रस्त्यात आला. यजमानांनी तो वेळेवर पाहिला होता, ब्रेकही दाबला होता, असं तिथे उभ्या असलेल्यांनी सांगितलं. डोक्यातला ब्रेक लागला. चाकातला लागला नाही.

पुढे मुलगी त्याच पंपहाउसमध्ये ऑपरेटर म्हणून लागली आणि बाबांचीच गाडी हवी म्हणून हटून बसली. तोच उतार, तोच ब्रेक. तेव्हा मी भंगारबाजारातून नव्या मॉडेलचं अख्खं पुढचं अंग आणलं: चाक धरणारा जाड, दोन पायांचा फोर्क, चाक, डिस्क, सगळं. त्याचा मधला दांडा आपल्या जुन्या चेसीत बसेना. म्हणून जुन्या बेअरिंगच्या मापाचा नवा दांडा मी लेथवर कातला. घाई केली नाही. हँडल पूर्ण वळवल्यावर फोर्क टाकीवर आपटू नये म्हणून वेल्डरने स्टॉपर लावून दिले. मग ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा काढायला बसलो. मुलगी लिव्हर दाबायची, मी खालचा नट सैल करायची, बुडबुडे यायचे. तरी लिव्हर मऊच. शेवटची हवा निघावी म्हणून लिव्हर दाबून यजमानांच्या रुमालाने रात्रभर बांधून ठेवला. सकाळी रुमाल घडी करून टाकीवर ठेवलेला होता आणि लिव्हर दगडासारखा घट्ट झाला होता. मुलीला वाटलं मी सोडला, मला वाटलं तिने. दोघींपैकी कोणीच सोडला नव्हता, हे नंतर बोलण्यात निघालं.

ही गाडी मी मुलीला देते. अट एकच: तिचं पुढचं अंग आहे तसंच राहील. जुनं पुन्हा बसवू नये. मुलीने नाही, भावोजींनी नाही, आणि हौसेखातर जुन्या गाड्या घेणाऱ्या कोणा गिऱ्हाइकाने तर नाहीच. अट मोडली तर गाडी त्याच दिवशी भंगारात जावी.

कलम ५. जुना फोर्क आणि ड्रमब्रेक. हे वर्कशॉपच्या भिंतीवर खुंटीला टांगलेले आहेत. फोर्कमधलं तेल मी स्वतः काढलं, रॉकेलने आतून धुतलं, उन्हात वाळवलं. तरीही खाली डब्याचं झाकण ठेवावं लागतं, कारण त्यात अधूनमधून ताज्या तेलाचा थेंब पडलेला असतो. वेल्डर म्हणाला, "आत राहिलेलं उतरतं, काकू." किती वर्षं उतरतं, असं मी विचारल्यावर त्याने झाकण पुसून पुन्हा जागेवर ठेवलं.

आणि आवाज. नवा ब्रेक मुका आहे, पण वळणावर तो जुना आवाज अजून येतो. रोज नाही. गाडी अंगणात उभी असते, मुलगी माझ्यासमोर ताटावर असते आणि बाहेर ब्रेक किंचाळतो. आम्हा दोघींचाही घास तोंडात तसाच राहतो. मी उठून दिवा लावते, ती फाटकापर्यंत जाते. वळणावर कोणी नसतं. मन खेळतं म्हणावं, तर समोरच्या शिंप्याने एकदा मला विचारलं होतं की ही कोणाची गाडी एवढी ओरडते, सांगा त्याला ब्रेक बघून घे म्हणून.

गेल्या आठवड्यात दवाखान्यातून आले तर फोर्क खुंटीवरून उतरवून टेबलावर ठेवला होता. शेजारी नट खोलायचे पाने मांडलेले, तेल अडवणारे नवे ऑइलसील आणलेले. मुलगी बाह्या सरसावून उभी होती.

"आई, बाबा वळणापर्यंत येतात आणि परत जातात," ती म्हणाली. "त्यांना गाडी ओळखू येत नाही."

मी म्हटलं, पाने जागेवर ठेव.

"एकदाच लावते. एकदा उतार उतरून येते. ते घरात आले की काढून टाकू."

"त्यांना आता ब्रेक लागत नाही. तुला लागतो."

"तुला ते यायला नकोच आहेत."

फोर्क मी परत खुंटीला टांगला. याचं उत्तर इथे लिहिते: हवे आहेत. म्हणून तर तो फोर्क मी इतकी वर्षं कापला नाही, आणि आजही माझ्याच्याने ते होत नाही. मी आहे तोवर तो खुंटीला राहील आणि वर्कशॉपची किल्ली माझ्या कमरेला. मी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी वेल्डरने त्याचे दोन्ही पाय गॅस कटरने कापावेत आणि तुकडे ओतकामाच्या भट्टीत द्यावेत. मुलीला त्या वेळी तिथे थांबू देऊ नये.

कलम ६. हे कलम आज संध्याकाळी, वेल्डर आणि दवाखान्यातल्या सिस्टर हे दोन्ही साक्षीदार आल्यानंतर लिहीत आहे. वकील फोनवर म्हणतात सगळं नव्याने लिहून काढा. मी म्हटलं, आहे तसंच राहू दे.

वरचं लिहून झालं तोवर मुलगी यायची वेळ होऊन गेली होती. तेवढ्यात वळणावर तो आवाज आला. मी उठले, घरात जाऊन बाहेरचा दिवा लावला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून वळणाकडे बघत राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. रस्ता रिकामा होता, तरी मला वाटत होतं की आणखी थोडं बघितलं तर काही दिसेल. मग मागे भांडं वाजलं. वळून पाहिलं तर मुलगी स्वयंपाकघरात पाणी पीत उभी होती. हेल्मेट काखेत, गाडी अंगणात जागेवर लावलेली.

"कधी आलीस?"

"मगाशीच. तुझ्या शेजारूनच आत आले की. हाकही मारली तुला."

उशीर का झाला, असं मी विचारलं. उतारावर एक ट्रक अचानक आडवा आला होता, म्हणाली.

"मग?"

"मग काय. थांबले."

तिने भांडं खाली ठेवलं. ती माझ्या खांद्याला खांदा घासून, जिवंत, आत गेली होती आणि मला ते कळलं नव्हतं.

म्हणून कलम ५ मधले "मी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी" हे शब्द आणि मुलीबद्दलचं शेवटचं वाक्य रद्द समजावं. वेल्डर सहीला आलाच होता. त्याला टपरीतून गॅस कटर आणायला लावला. फोर्क खुंटीवरून मी उतरवला. एक टोक मी धरू का, असं मुलीने विचारलं. धर म्हटलं. पहिला पाय कापून झाला. वेल्डरने गॅसची नळी बंद केली तेव्हा वळणावर आवाज आला. जवळून, पूर्वीपेक्षा लांबलेला. आम्ही चौघांनी ऐकला. सिस्टरांनी तर माझा दंड पकडला. मुलीने माझ्याकडे पाहिलं, पण टोक सोडलं नाही. कोणी उठलं नाही. वेल्डरने डोळ्यांवरची काच खाली ओढली आणि दुसरा पाय कापायला घेतला.

एवढं लिहून मी सही करते. सही थोडी वाकडी आली आहे, तरी ती माझीच आहे.

मृत्युपत्र करणार : लेथवाल्या काकू (सही)

साक्षीदार १ : वेल्डर, शेजारची टपरी. "काकूंनी माझ्यासमोर सही केली. कलम ६ मध्ये लिहिलेला आवाज मीही ऐकला." (सही)

साक्षीदार २ : दवाखान्यातल्या सिस्टर. "सही करताना त्या पूर्ण शुद्धीत होत्या. आवाजाबद्दल वरीलप्रमाणेच." (सही)

स्थळ : वर्कशॉपची मागची खोली
दिनांक : ९ नोव्हेंबर